ऑस्ट्रेलियाच्या लाल वाळवंटात तीन दिवस, दोन रात्री: मार्गदर्शकासोबतच्या कॅम्पिंग सहलीची आखणी आणि वाटचाल

सिडनी किंवा मेलबर्नला मुलांकडे गेलेली मराठी मंडळी ऑपेरा हाऊस, ग्रेट ओशन रोड आणि फार तर गोल्ड कोस्ट पाहून परततात. या देशाचा मधला, लाल मातीचा आणि अत्यंत विरळ वस्तीचा भाग, ज्याला तिथले लोक आउटबॅक म्हणतात, तो बहुतेकांचा पाहायचाच राहून जातो. त्या भागातील उलुरू हा अवाढव्य शिलाखंड, त्याच्या पश्चिमेचे काटा जुटाचे घुमट आणि किंग्ज कॅनियनची घळ ही तिन्ही ठिकाणे उघड्यावर मुक्काम करत पाहण्याच्या सहली ॲलिस स्प्रिंग्ज या गावातून निघतात. विमानाने थेट उलुरूजवळच्या युलारा येथे उतरून, रिसॉर्टमध्ये राहूनही उलुरू पाहता येतो. तरीही वाळवंट म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायचे असेल तर रात्र जमिनीवर आणि दिवस पायी काढणे हाच योग्य मार्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ही सहल सुखाची होणार की त्रासाची, हे बहुतांशी घरून निघण्यापूर्वीच ठरते. महिना, सहलीचा प्रकार आणि सामान या तीन गोष्टी नीट जमल्या की पुढचे काम मार्गदर्शक पाहतो.

अंतरांचा अंदाज आधी घ्यावा

नकाशावर ही ठिकाणे एकमेकांना चिकटलेली दिसतात आणि त्यामुळे पुष्कळांची फसगत होते. ॲलिस स्प्रिंग्जहून स्टुअर्ट महामार्गाने सुमारे २०० किलोमीटर दक्षिणेला गेल्यावर एर्लडंडा हा थांबा लागतो. तिथून पश्चिमेला लॅसेटर महामार्गाने आणखी सुमारे अडीचशे किलोमीटर गेले की युलारा येते. युलाऱ्याहून उलुरू सुमारे २० किलोमीटरवर, तर काटा जुटा सुमारे ५० किलोमीटरवर आहे. उलुरूहून किंग्ज कॅनियन सुमारे ३०० किलोमीटर दूर पडते आणि तिथून डांबरी रस्त्याने ॲलिस स्प्रिंग्जला परतायचे म्हणजे पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो. तीन दिवसांत एकूण तेराशे किलोमीटरपेक्षा अधिक अंतर कापले जाते. म्हणूनच दोन दिवसांत ‘सगळे दाखवतो’ म्हणणाऱ्या सहलींपासून दूर राहावे. त्यांत चालण्याचा वेळ कापूनच गाडीचा वेळ भरून काढलेला असतो. ज्यांच्याकडे सवड आहे त्यांनी चार किंवा पाच दिवसांची, ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेकडील मॅकडॉनेल डोंगररांगाही दाखवणारी सहल घ्यावी. परंतु पहिल्यांदा जाणाऱ्यांना तीन दिवस पुरतात.

आणखी एक पर्याय लक्षात ठेवण्याजोगा आहे. युलारा आणि ॲलिस स्प्रिंग्ज या दोन्ही ठिकाणी विमानतळ असल्यामुळे एका ठिकाणी उतरून दुसऱ्या ठिकाणाहून परतता येते. अनेक आयोजक युलारा विमानतळावरून सहलीत सामील करून घेतात किंवा तिथेच सोडतात, आणि त्यामुळे पाच-सहा तासांचा गाडीचा प्रवास वाचतो. मात्र तो प्रवासही पाहण्यासारखा आहे. आपली गाडी ओलांडून जायला बराच वेळ घेणारे, ५० मीटरहून लांब, तीन-तीन डबे जोडलेले रोड ट्रेन नावाचे मालट्रक याच रस्त्यावर दिसतात. कर्टिन स्प्रिंग्जजवळ सपाट माथ्याचा माउंट कॉनर दिसताच गाडीतले अर्धे लोक त्यालाच उलुरू समजून छायाचित्रे काढू लागतात. एकदा तरी हा रस्ता जमिनीवरूनच पाहावा.

कोणत्या महिन्यात जावे

दक्षिण गोलार्धातील ऋतू उलटे असतात, हे सर्वांना माहीत असते. पण वाळवंटातील हिवाळा किती कडक असतो, याची कल्पना फार थोड्यांना असते. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पारा वारंवार ४० अंशांच्या आसपास जातो, मुख्य पायवाटा सकाळीच बंद होतात आणि ज्यासाठी आपण इतक्या लांब आलो ते चालणेच हाती लागत नाही. जून आणि जुलैमध्ये दिवस २० अंशांच्या आसपासचे, निरभ्र आणि चालायला अत्यंत आल्हाददायक असतात. रात्री मात्र पारा चार-पाच अंशांवर येतो आणि काही पहाटे शून्याखालीही जातो. उघड्यावर झोपणाऱ्याने हा आकडा गांभीर्याने घ्यावा.

माझ्या मते मेचा उत्तरार्ध आणि ऑगस्टचा उत्तरार्ध हे दोन काळ सर्वोत्तम आहेत. मे महिन्यात आपल्याकडील शाळांना सुट्टी असते, तिथे उन्हाळ्याची धग ओसरलेली असते आणि रात्रीची थंडीही सोसवते. जुलैमध्ये ऑस्ट्रेलियातील शाळांच्या सुट्ट्यांमुळे गर्दी आणि दर दोन्ही वाढतात. सप्टेंबरपासून माशा वाढू लागतात; त्या चावत नाहीत, पण ओलाव्यासाठी डोळ्यांच्या कडा, नाक आणि ओठ यांवर इतक्या चिकाटीने बसतात की बोलणेही अवघड होते. टोपीवरून घालायची बारीक जाळी तिथल्या प्रत्येक पेट्रोल पंपावर मिळते आणि ती घ्यायला संकोच करू नये.

तारीख ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरमधील अमावास्याही पाहावी. पौर्णिमेच्या रात्री सारे वाळवंट उजळून निघते आणि तारे फिके पडतात. अमावास्येच्या आगेमागे, विशेषतः जून-जुलैमध्ये, आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग अगदी डोक्यावर येतो. महाराष्ट्रातून दक्षिणेकडे कललेले दिसणारे वृश्चिक राशीतील ज्येष्ठा तिथे थेट माथ्यावर असते, आणि आपल्याला उन्हाळ्यात जेमतेम क्षितिजाजवळ दिसणारा त्रिशंकू तिथे उंच चढलेला असतो. एवढ्या एका कारणासाठी दोन-तीन दिवस पुढेमागे करणे योग्य ठरते.

सहल निवडताना विचारायचे प्रश्न

जाहिरातीतील सूर्यास्ताची छायाचित्रे सगळ्यांची सारखीच असतात; फरक झोपण्याच्या व्यवस्थेत, गटाच्या आकारात आणि चालण्याच्या वेळेत असतो. पहिला प्रश्न असा विचारावा की रात्री स्वॅगमध्ये झोपायचे आहे, की कायमस्वरूपी उभारलेल्या, आत पलंग असलेल्या तंबूत. स्वॅग म्हणजे जाड कॅनव्हासच्या आवरणात फोमची पातळ गादी बसवलेली गुंडाळी. जुन्या काळी रेल्वेच्या प्रवासात आपल्याकडे होल्डॉल असे, त्याचीच ही मोठी आवृत्ती समजावी. कमी दराच्या सहलींत स्वॅग असते, तर मध्यम दराच्या सहलींत दोन्हींपैकी निवड करता येते.

दुसरा प्रश्न उद्यानांच्या प्रवेशशुल्काचा. उलुरू-काटा जुटा राष्ट्रीय उद्यानाचा तीन दिवसांचा पास प्रौढ व्यक्तीला स्वतंत्रपणे घ्यावा लागतो; १८ वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. किंग्ज कॅनियन ज्या वाटार्का राष्ट्रीय उद्यानात आहे, तिथेही बाहेरून येणाऱ्यांना पास लागतो. सहलीच्या दरात हे दोन्ही धरलेले आहेत का, स्लीपिंग बॅग मिळते की भाड्याने घ्यावी लागते, आणि जेवणे किती, हे लेखी विचारून घ्यावे. स्वस्त दिसणाऱ्या सहलीत या तीन बाबी मिळवल्या की ती पुष्कळदा मधल्या दराच्या सहलीइतकीच पडते.

तिसरा प्रश्न, जो फारसे कोणी विचारत नाही, तो असा: काटा जुटातील ‘व्हॅली ऑफ द विंड्स’ची पूर्ण फेरी आणि किंग्ज कॅनियनच्या कड्यावरची पूर्ण वाट कार्यक्रमात आहे का? ‘काटा जुटा दर्शन’ एवढेच लिहिले असेल तर बहुधा दुरून दाखवून किंवा वाल्पा घळीतील छोटी वाट चालवून काम संपवले जाते. याखेरीज गटात किती जण असतील, वयाची अट आहे का, पावसाने रस्ता बंद झाल्यास काय, आणि शेवटच्या दिवशी परत कधी पोहोचवतात, हेही विचारावे. त्याच संध्याकाळचे परतीचे विमान कधीही आरक्षित करू नये. वाटेत एक चाक पंक्चर झाले तरी विमान चुकते आणि तिथून पुढचे विमान दुसऱ्या दिवशीच मिळते.

आई-वडिलांनी जावे का

हा प्रश्न मराठी घरांत हमखास निघतो, म्हणून त्याचे सविस्तर उत्तर देतो. वय हा निकष नाही. गुडघे, तोल आणि जमिनीवरून उठण्याची ताकद हे निकष आहेत. सिंहगड किंवा राजगड सावकाश पण स्वतःच्या पायांनी चढून उतरणारी साठीतील व्यक्ती ही सहल आनंदाने करू शकते. स्वॅग जमिनीला टेकलेली असते, स्वच्छतागृह काही अंतरावर असते आणि रात्री दोनदा उठावे लागणाऱ्याला थंडीत ते जड जाते. अशांनी पलंग असलेल्या तंबूंची सहल निवडावी. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि किंग्ज कॅनियनच्या चढाऐवजी घळीच्या तळातून जाणारी सपाट वाट घेता येईल का, हे आयोजकाला विचारून ठेवावे. मधुमेहींनी इन्सुलिन थंड ठेवण्याची सोय गाडीतील शीतपेटीत करता येईल का, याची खात्री आधीच करून घ्यावी.

प्रवासविमा अनिवार्य समजावा. युलारा येथे आरोग्य केंद्र आहे, परंतु मोठे रुग्णालय ॲलिस स्प्रिंग्जलाच आहे. गंभीर रुग्णाला नेण्याचे काम १९२८ साली सुरू झालेली रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस ही विमानसेवा करते. ॲलिस स्प्रिंग्जला तिचा तळ आहे आणि तिथे एक संग्रहालयही आहे. सहलीच्या आदल्या दिवशी वेळ असेल तर ते अवश्य पाहावे.

सामान: कमी, मऊ आणि थरांचे

बहुतेक आयोजक प्रत्येकी एकच मऊ पिशवी, साधारण १० ते १५ किलोंपर्यंतची, नेऊ देतात. चाकांची कडक सूटकेस ट्रेलरमध्ये बसत नाही. ती ॲलिस स्प्रिंग्जच्या हॉटेलात ठेवता येते. तसे आधी विचारून ठेवावे.

कपड्यांचे तत्त्व थरांचे आहे. पहाटे अंगावर थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारे जॅकेट, हातमोजे आणि कानटोपी असते. दुपारपर्यंत यातले एकेक उतरत लांब बाह्यांचा सुती सदरा तेवढा उरतो. आपली माकडटोपी तिथे अत्यंत उपयोगी पडते आणि ती नेण्यात कसलाही कमीपणा वाटू देऊ नये. पूर्ण गोल कडेची टोपी, सनस्क्रीन, ओठांसाठी मलम आणि त्वचेसाठी साधे खोबरेल तेल घ्यावे. हवा इतकी कोरडी असते की दुसऱ्या दिवशी बोटांची अग्रे तडकू लागतात. बूट घोट्याला आधार देणारे आणि आधी महिनाभर वापरलेले असावेत. डोक्याला लावायची बॅटरी, मोबाइलसाठी पॉवर बँक आणि प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी मावेल इतक्या बाटल्या या तीन वस्तूंवाचून निघू नये. पांढरे कपडे घरीच ठेवावेत. तिथली लोहयुक्त लाल धूळ कापडात शिरली की पुन्हा निघत नाही.

भारतातून थेट जाणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षा नियम ओळखून घ्यावेत. विमानात भरायच्या पत्रकावर बरोबरचा प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करणे बंधनकारक आहे. दुधाचे पदार्थ, ताजी फळे-भाज्या आणि बियाणे यांवर कडक निर्बंध आहेत, आणि सह्याद्रीतील माती चिकटलेले ट्रेकिंगचे बूटही तपासले जातात. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते. लपवलेली सापडली तर मोठा दंड होतो. मेतकूट किंवा चटणी हवी असेल तर ती सिडनी-मेलबर्नच्या भारतीय किराणा दुकानांतून विकत घेणे सोपे. औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत.

शाकाहारी मंडळींच्या जेवणाविषयी

शाकाहारी असल्याचे आरक्षण करतानाच कळवावे आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा आठवण द्यावी, कारण तीन दिवसांचा शिधा ॲलिस स्प्रिंग्जलाच भरला जातो आणि वाटेत जवळपास काही मिळत नाही. ‘शाकाहारी’ या शब्दात तिथे अंडी धरली जातात. ती नको असतील तर वेगळे सांगावे. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची पंचाईत होते, म्हणून त्यांनी गरम पाणी घालून होणारे पदार्थ जवळ ठेवावेत. रात्री निखाऱ्यांवर जाड बिडाच्या भांड्यात भाज्यांचे कालवण शिजते, कधी राखेत भाजलेला डॅम्पर नावाचा जाडसर पाव असतो. शेजारच्या तव्यावर मात्र गोमांसाचे सॉसेज किंवा कांगारूचे मांस भाजले जात असते. वेगळा तवा आणि वेगळा चमचा हवा असेल तर मार्गदर्शकाला पहिल्याच दुपारी नम्रपणे, पण स्पष्टपणे सांगावे. ते लोक हे मनापासून सांभाळतात.

एक गोष्ट आपल्या लोकांना आधीच ठाऊक असलेली बरी. या सहलींत मार्गदर्शक हाच चालक आणि हाच स्वयंपाकी असतो, आणि भाजी चिरणे, लाकडे उतरवणे, भांडी विसळणे ही कामे सर्व प्रवाशांनी वाटून घ्यायची असतात. पैसे भरले म्हणून बसून राहणाऱ्याला कोणी बोलत नाही. पण गटाशी त्याचे नाते जुळत नाही. पहिल्याच थांब्यावर सुरी हातात घ्यावी.

पहिला दिवस: उलुरू आणि पहिली रात्र

ॲलिस स्प्रिंग्जहून पहाटे सहाच्या सुमारास गाडी निघते आणि दुपारपर्यंत युलारा गाठते. घड्याळ भारताच्या चार तास पुढे लावावे. वाटेत एखाद्या उंटशाळेवर थांबा होतो, तेव्हा या उंटांचा इतिहास मुलांना सांगण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकात कराची, बलुचिस्तान, पंजाब आणि राजस्थान या भागांतून उंट आणि उंटवाले इथे आणले गेले. सर्वांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले गेले. आज ॲडलेडहून ॲलिस स्प्रिंग्जमार्गे डार्विनला जाणाऱ्या ‘द घान’ या रेल्वेचे नाव त्यांच्यावरूनच पडले. मोटारी आल्यावर मोकळे सोडलेले उंट पुढे रानटी झाले आणि आज ते या वाळवंटात मोठ्या संख्येने आहेत.

उलुरू सभोवतालच्या सपाटीपासून ३४८ मीटर उंच आहे आणि त्याच्या पायथ्याचा घेर नऊ किलोमीटरहून अधिक आहे. हा अर्कोज जातीचा, फेल्डस्पार हे खनिज भरपूर असलेला वालुकाश्म. त्याचे जवळजवळ आडवे थर भूकवचाच्या हालचालींत उभे झाले. आतला दगड करडा असतो. वरचा लाल रंग लोहाच्या गंजण्याचा आहे. जवळ गेल्यावर पृष्ठभागावर खवल्यांसारखे पापुद्रे दिसतात आणि पावसाचे पाणी वाहून गेलेल्या जागी काळे पट्टे उमटलेले असतात.

पोहोचल्यावर प्रथम सांस्कृतिक केंद्र पाहावे आणि मगच शिळेकडे जावे. हा भूभाग अनंगू या इथल्या मूळ रहिवाशांचा आहे. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी त्यांना त्याची मालकी परत मिळाली आणि त्यांनी तो राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला. आज उद्यानाचा कारभार संयुक्तपणे चालतो. उलुरूवर चढू नये ही त्यांची विनंती अनेक वर्षे होती, आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली. ‘मग जाऊन करायचे काय’ असे विचारणाऱ्यांना पायथ्याची प्रदक्षिणा हे उत्तर आहे. सुमारे दहा किलोमीटरच्या या सपाट वाटेला साडेतीन तास लागतात. वेळ कमी असेल तर मार्गदर्शक मुटिजुलू पाणवठ्याची आणि माला वाट अशा दोन छोट्या वाटा घेतो. पाणवठ्याच्या वाटेवर कुनिया ही अजगर-स्त्री आणि लिरू हा विषारी सर्प यांच्या संघर्षाच्या खुणा खडकावर दाखवल्या जातात. अनंगूंचा जुकुर्पा, म्हणजे त्यांचा कायदा, इतिहास आणि श्रद्धा यांचा एकत्रित वारसा, असा जमिनीवरच लिहिलेला आहे.

काही ठिकाणी छायाचित्र काढू नये असे फलक आहेत. ती स्थळे केवळ पुरुषांच्या किंवा केवळ स्त्रियांच्या विधींची असून त्यांची प्रतिमाही इतरांनी पाहू नये, असा अनंगूंचा नियम आहे. अनंगू व्यक्तींचे छायाचित्र परवानगीवाचून घेऊ नये. गाभाऱ्यात छायाचित्रास मनाई असली की आपण ती निमूट पाळतो. इथेही त्याच आदराने वागावे, असे मला मनापासून वाटते.

सूर्यास्त पाहून मुक्कामी पोहोचेपर्यंत अंधार पडतो. उद्यानाच्या हद्दीत रात्र काढता येत नाही, त्यामुळे तळ युलाऱ्यात किंवा उद्यानाबाहेर असतो. शेकोटीची लाकडेही उद्यानाबाहेर, परवानगी असलेल्या जागीच गोळा केली जातात. आग लावण्यास बंदी घोषित असेल त्या दिवशी शेकोटी होत नाही.

आता स्वॅग अंथरण्याची पद्धत. अंधार पडण्यापूर्वी जागा निवडता आली तर उत्तम. मुंग्यांचे वारूळ, स्पिनिफेक्स गवताचे टोकदार झुबके आणि शेकोटीच्या धुराची दिशा टाळावी. जमिनीला उतार असेल तर डोके वरच्या बाजूला ठेवावे. पट्टे सोडून स्वॅग सपाट पसरावी, आतील स्लीपिंग बॅग लगेच बाहेर काढून झटकावी आणि झोपायला जाईपर्यंत कॅनव्हासची चेन पूर्ण बंद ठेवावी, म्हणजे आत कीटक शिरत नाहीत. उद्याचे कपडे पायाशी, स्लीपिंग बॅगच्या आत ठेवावेत. पहाटे ते गार लागत नाहीत. बूट बाहेर ठेवू नयेत, ते कॅनव्हासच्या घडीत उशाखाली घ्यावेत, कारण डिंगो हे रानकुत्रे चामड्याच्या वासाने बूट पळवून नेतात. खाण्याची कोणतीही वस्तू, अगदी चॉकलेटचा कागदही, जवळ ठेवू नये. झोपताना कानटोपी घालावी, कॅनव्हासची वरची झडप डोक्यावर अर्धी ओढून तोंड मोकळे ठेवावे. श्वास आत सोडला तर पहाटे आतली बाजू ओली होते. सापांची भीती अनेकांना वाटते. थंडीच्या महिन्यांत ते क्वचितच बाहेर दिसतात, तरीही रात्री उठताना बॅटरी लावून आणि बूट झटकून घालूनच पाऊल टाकावे.

दुसरा दिवस: सूर्योदय आणि काटा जुटा

मार्गदर्शक पाचच्या सुमारास, उन्हाळ्यात त्याहूनही आधी, उठवतो. गुंडाळताना स्वॅग दोन्ही कडांनी आत दुमडावी, गुडघ्याने दाबत हवा काढत पुढे सरकावे आणि पट्टे घट्ट आवळावेत; सैल गुंडाळलेली स्वॅग ट्रेलरमध्ये बसत नाही आणि सगळ्यांचा खोळंबा होतो.

काटा जुटा म्हणजे ३६ घुमटांचा समूह. त्यांतील सर्वांत उंच घुमट सपाटीपासून ५४६ मीटर, म्हणजे उलुरूपेक्षा जवळजवळ २०० मीटर अधिक उंच आहे. उलुरू बारीक कणांचा वालुकाश्म, तर हा गोटे आणि खडी यांच्या घट्ट मिश्रणाचा खडक. हाताएवढे गोटे भिंतीतून बाहेर डोकावताना दिसतात. ‘व्हॅली ऑफ द विंड्स’ची फेरी ७.४ किलोमीटरची असून तीन ते चार तास लागतात. वाट दगडगोट्यांची आहे, काही ठिकाणी चढउतार तीव्र आहेत. तापमान ३६ अंश किंवा अधिक अपेक्षित असेल त्या दिवशी सकाळी ११ नंतर पहिल्या, कारू नावाच्या निरीक्षणस्थळापलीकडे जाऊ देत नाहीत. मला स्वतःला तिन्ही ठिकाणांपैकी काटा जुटा सर्वाधिक भावते. दोन घुमटांच्या मधून दुसऱ्या निरीक्षणस्थळावर चढून आल्यावर समोर उघडणारी हिरवट दरी पाहताना वाळवंटाविषयीच्या कल्पना बदलतात. तिथे मोठ्याने बोलू नये. अनंगूंसाठी हे विशेष पवित्र स्थान आहे आणि तिथले बरेचसे ज्ञान बाहेरच्यांना सांगितले जात नाही. मार्गदर्शक कथा सांगत नाही म्हणून त्याला पुन्हा पुन्हा विचारत बसू नये.

दुपारनंतर किंग्ज कॅनियनच्या दिशेने लांबचा प्रवास असतो. मोबाइलला मधल्या पट्ट्यात संपर्क मिळत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. मार्गदर्शकाकडे आपत्कालीन संपर्कासाठी उपग्रह फोन असतो का, हे आरक्षणाच्या वेळीच विचारलेले असावे.

तिसरा दिवस: किंग्ज कॅनियन, आणि पाण्याविषयी

कड्यावरची वाट सहा किलोमीटरची असून तीन ते चार तास लागतात. सुरुवातीलाच सुमारे ५०० पायऱ्यांचा उभा चढ आहे आणि सारी दमछाक त्या पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत होते. तो सावकाश चढावा; एकदा माथा गाठला की पुढची वाट बरीचशी समतल आहे. मध्ये जिन्यांनी खाली उतरल्यावर ‘गार्डन ऑफ ईडन’ नावाची पाण्याची कायम ओल असलेली घळ लागते. प्राचीन सायकॅड वनस्पती त्या ओलाव्यावर तग धरून आहेत. दुसऱ्या बाजूच्या खडकांवर लाटांच्या रेघा दगडात थिजलेल्या दिसतात. कड्याला कठडे नाहीत आणि वालुकाश्माची कड ठिसूळ असते. काठापासून किमान दोन मीटर मागे राहावे आणि छायाचित्रासाठी एक पाऊलही पुढे टाकू नये. ३६ अंश किंवा अधिक तापमानाचा अंदाज असेल तर सकाळी ९ पूर्वीच चालायला सुरुवात करणे बंधनकारक आहे.

पाण्याचा विषय इथे मुद्दाम घेतला, कारण चूक होते ती याच वाटेवर. मुंबई-कोकणात घाम निथळतो आणि शरीर पाणी गमावत आहे हे दिसते. इथे हवा इतकी कोरडी असते की घाम येताक्षणी उडून जातो, सदरा कोरडाच राहतो आणि तहानेची जाणीव उशिरा होते. उन्हात चालताना ताशी एक लिटर हे प्रमाण धरावे, तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा मिनिटांनी काही घोट घ्यावेत आणि दिवसातून एकदा तरी ओआरएसचे पाकीट पाण्यात घालावे. डोके दुखणे, मळमळणे, चक्कर येणे किंवा तासन्‌तास लघवीला न लागणे ही लक्षणे दिसली तर संकोच न करता मार्गदर्शकाला लगेच सांगावे. स्वच्छतागृह लांब आहे म्हणून पाणी कमी पिण्याची सवय आपल्याकडील स्त्रियांना प्रवासात नाइलाजाने लागलेली असते. इथे ती धोकादायक आहे. कुठे थांबता येईल हे मार्गदर्शकाला आधीच विचारावे. उघड्यावर जाण्याची वेळ आलीच तर कागद परत आणण्यासाठी एक छोटी पिशवी जवळ ठेवावी.

परतीच्या वाटेवर

दुपारच्या जेवणानंतर गाडी ॲलिस स्प्रिंग्जकडे वळते आणि संध्याकाळी पोहोचते. काही आयोजक मेरीनीचा कच्चा, परवाना लागणारा रस्ता घेतात; तो जवळचा असला तरी हादरे फार बसतात, त्यामुळे पाठदुखी असणाऱ्यांनी पुढच्या बाजूचे आसन मागून घ्यावे. बहुतेक गट त्या रात्री एकत्र जेवायला भेटतात. टीप देण्याची सक्ती नाही, परंतु ज्याने तीन दिवस गाडी चालवली, स्वयंपाक केला आणि सर्वांवर लक्ष ठेवले त्याला काही देणे उचित आहे. आयोजकाच्या कार्यालयाला त्याच्या नावाने चार चांगल्या ओळी लिहून पाठवल्या तर त्याचा त्याला अधिक उपयोग होतो.

कपडे हॉटेलातच दोनदा वेगळे धुवावेत, बुटांचे तळवे ब्रशने घासून लाल माती काढावी, आणि खिसे व पिशवीचे कोपरे तपासावेत, विशेषतः मुलांचे. उद्यानातून दगड किंवा वाळू नेण्यास मनाई आहे. पूर्वी नेलेले दगड पश्चात्तापाने टपालाने परत पाठवणारे लोक जगभरातून आजही आहेत, आणि ते दगड मूळ जागी ठेवता येत नसल्यामुळे उद्यानाच्या कर्मचाऱ्यांचे काम विनाकारण वाढते. मुलांच्या खिशात खडा सापडलाच, तर ॲलिस स्प्रिंग्ज सोडण्यापूर्वी आयोजकाच्या कार्यालयात नेऊन द्यावा. त्यांची गाडी काही दिवसांत पुन्हा उलुरूला जाणारच असते.